मधली फळी नसलेला संघ

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, एखादा क्लब सलग दोन हंगाम तळाशी राहिला की त्याच्या चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, प्रशिक्षकाला घालवा. दुसरा म्हणतो, पुनर्बांधणी चालू आहे, जरा दम धरा, पोरं मोठी होऊ द्या. नॉर्थ मेलबर्नच्या पाठीराख्यांनी हा वाद इतक्या वेळा घातला आहे की एव्हाना दोन्ही बाजूंचे मुद्दे सगळ्यांनाच तोंडपाठ असतील. 2020 ते 2024 या पाच हंगामांत या क्लबने सगळे मिळून पंधरा सामने जिंकले. राइस शॉ, डेव्हिड नोबल आणि अ‍ॅलिस्टर क्लार्कसन असे तीन कायम प्रशिक्षक त्या काळात झाले. ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, जवळजवळ दरवर्षी वरच्या क्रमांकाची निवड हाती आली आणि लीगने खास मदत म्हणून जादा निवडीही दिल्या. दोन्ही तटांचे उपाय करून झाले, तरी गुणतक्ता हलला नाही. याचा अर्थ दुखणे दुसरीकडे आहे. माझ्या मते ते संघाच्या वयात आहे. नॉर्थकडे अठरा-वीस वर्षांची गुणी मुले होती, पण चोवीस ते एकोणतीस या वयाची, भरात असलेली मधली फळी जवळजवळ नव्हती. ती फळी प्रशिक्षक उभी करू शकत नाही आणि ड्राफ्टमध्येही ती मिळत नाही.

हे पटायला या लीगची घडण समजून घ्यावी लागते. क्रिकेटच्या मैदानावर, एका बाजूला अठरा असे, लंबगोल चेंडूने खेळला जाणारा हा खेळ. 1859 मध्ये मेलबर्नमध्ये त्याचे नियम बांधले गेले, तेव्हा टॉम विल्ससारखे क्रिकेटपटूच पुढे होते. मधल्या भागात खेळणारा खेळाडू एका सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर धावतो आणि धावताना अंगावर येणारे धक्के झेलतो. नुकत्याच शाळा संपवलेल्या मुलाचे शरीर हे आठवड्यामागून आठवडे सोसत नाही. लीगमधले अठरा क्लब ठरलेले आहेत. तळाला गेलेल्या क्लबची खालच्या श्रेणीत रवानगी होत नाही आणि श्रीमंत क्लबला पैशाच्या जोरावर संघ विकत घेता येत नाही. 1986 पासून राष्ट्रीय ड्राफ्ट आहे, 1987 पासून वेतनमर्यादा आहे. ड्राफ्टमध्ये शेवटच्या क्रमांकाचा क्लब देशातला सर्वांत आशादायक तरुण आधी उचलतो. म्हणजे हरण्याला बक्षीस आहे आणि ते बक्षीस नेहमी अठरा वर्षांचे असते! चाहत्यांच्या मनात पुनर्बांधणीचे चित्र त्यातूनच तयार होते: जुने काढा, दोन-तीन वर्षे हरा, वरच्या निवडी गोळा करा, मग एकदम उसळी.

या चित्रातली खोट मेलबर्न क्लबच्या इतिहासात सर्वांत उघडी दिसते. 2008 मध्ये तीन आणि 2009 मध्ये चार विजय मिळवल्यामुळे त्या वेळच्या नियमानुसार त्यांना जादा निवड मिळाली आणि टॉम स्कली व जॅक ट्रेंगोव्ह ही पहिल्या दोन क्रमांकांची मुले त्यांच्याकडे आली. आदल्या वर्षी पहिल्या क्रमांकाचा जॅक वॉट्स आलेलाच होता. कागदावर यापेक्षा चांगली पायाभरणी असूच शकत नाही. पुढे घडले ते असे: जुलै 2011 मध्ये संघ जिलाँगकडून 186 गुणांनी हरला आणि प्रशिक्षक डीन बेली यांना लगेच घालवण्यात आले. स्कली त्याच वर्षअखेरीस नव्याने सुरू होणाऱ्या ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे निघून गेला. ट्रेंगोव्ह विशीतच सहकर्णधार झाला. त्या वयात खरे तर एखाद्या अनुभवी खेळाडूच्या मागे उभे राहून शिकायचे असते, पण पुढे उभे राहायला कोणी नव्हते. बेलींनंतर आलेल्या मार्क नील्ड यांनी 33 सामन्यांत 5 विजय मिळवले आणि 2013 च्या मध्यावर तेही गेले. त्याच वर्षी लीगने 2009 च्या हंगामाची चौकशी संपवली. क्लबने मुद्दाम सामने हरल्याचे सिद्ध झाले नाही, तरी त्या काळातल्या वर्तनाबद्दल क्लबला पाच लाख डॉलरचा दंड झाला. ज्या निवडींसाठी एवढी अब्रू गेली, त्यांतल्या एकाही खेळाडूच्या हाती मेलबर्नचा विजेतेपदाचा चषक आला नाही.

कार्लटनची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथे दोन्ही उपाय भरपूर प्रमाणात झाले. 2005, 2006 आणि 2007 अशी सलग तीन वर्षे पहिल्या क्रमांकाची निवड त्यांच्याकडे होती: मार्क मर्फी, ब्राइस गिब्स, मॅथ्यू क्रूझर. तिघेही चांगले खेळाडू निघाले, म्हणजे निवड चुकली असेही म्हणता येत नाही. तरीही कार्लटनतर्फे त्यांच्यापैकी एकालाही उपांत्य सामना खेळायला मिळाला नाही. दरम्यान क्लबने तीन विजेतेपदे नावावर असलेले मिक माल्टहाउस आणून पाहिले. 2015 मध्ये त्यांनाही हंगामाच्या अर्ध्यात निरोप दिला आणि संघ तळाला गेला. मोठ्या नावाने लहान संघ मोठा होतो, ही समजूत तिथेच मोडायला हवी होती. नॉर्थने 2022 मध्ये हॉथॉर्नला चार विजेतेपदे मिळवून देणाऱ्या क्लार्कसन यांना आणले, तेव्हा ती पुन्हा उभी राहिली. त्यांच्या पहिल्या दोन्ही हंगामांत प्रत्येकी तीनच विजय मिळाले.

क्लार्कसन विसरले काय, असा प्रश्न चाहते विचारतात. तो चुकीचा आहे असे मला वाटते. 2004 च्या अखेरीस ते हॉथॉर्नला गेले, तेव्हा त्याच ड्राफ्टमध्ये रफहेड, फ्रँकलिन आणि लुईस मिळाले हे सगळ्यांना आठवते. तीन वर्षे आधी आलेले ल्यूक हॉज आणि छत्तिसाव्या क्रमांकावर मिळालेला सॅम मिचेल तिथे होते, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. नवी मुले आली ती एका चौकटीत आली. नॉर्थने ती चौकट स्वतः मोडली होती. 2014 आणि 2015 मध्ये हा क्लब उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. 2016 मध्ये पहिले नऊ सामने जिंकल्यावर घसरण झाली आणि हंगाम संपण्याआधीच ब्रेंट हार्वे, ड्रू पेट्री, निक डाल सॅन्टो आणि मायकेल फिरिटो या चौघांना पुढच्या वर्षी जागा नसल्याचे सांगण्यात आले. हार्वे यांच्या नावावर 432 सामने होते, तेव्हाचा विक्रम. ते निर्णय एकवेळ वयामुळे समजून घेता येतात. पण 2020 च्या अखेरीस अकरा खेळाडूंना एका दमात नारळ देणे आणि त्याच सुमारास आघाडीवीर बेन ब्राउनला जाऊ देणे याला पुनर्बांधणी म्हणणे कठीण आहे. ब्राउन मेलबर्नकडे गेला आणि पुढच्याच वर्षी विजेत्या संघातून अंतिम सामन्यात तीन गोल मारून मोकळा झाला. घर दुरुस्त करताना भिंतींबरोबर खांबही पाडले, तर नव्या विटा कितीही उत्तम असोत, छत टेकवायचे कशावर? पहिल्या क्रमांकावर निवडलेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस 2022 चा एकच हंगाम खेळून पोर्ट अ‍ॅडलेडला, आपल्या राज्यात परतला. त्याला बेइमान म्हणणाऱ्या चाहत्यांचा राग मी समजू शकतो. तरी सतत हरणाऱ्या आणि सोबतीला जाणते कोणी नसलेल्या ठिकाणी एकोणिसाव्या वर्षी कोण रमेल?

यावर पहिला आक्षेप तगडा आहे. कॉलिंगवूड 2021 मध्ये सतरावे आले, नेथन बकली हंगामाच्या मध्येच गेले, क्रेग मॅकरे आले आणि 2022 मध्ये संघ उपांत्य सामना एका गुणाने हरला, 2023 मध्ये विजेता झाला. मग प्रशिक्षक बदलून काहीच होत नाही, हे कसे? होते, आणि कधीकधी फार मोठे होते. पण मॅकरे यांना कोणता संघ मिळाला ते पाहा. पेंडलबरी, साइडबॉटम, हाव, मूर, डी गोई ही सारी मंडळी तिथे होतीच; 2018 ची अंतिम लढत पाच गुणांनी हरलेल्यांपैकी बरेच जण शिल्लक होते. त्यात निक डेकॉस आला. नवा प्रशिक्षक असलेली ताकद मोकळी करू शकतो. नसलेली ताकद निर्माण करणे त्याच्या हातात नसते. रिचमंडने तर उलटे केले. 2016 मध्ये संघ तेरावा आला, संचालक मंडळाला आव्हान देणारा गट उभा राहिला, तरी अध्यक्ष पेगी ओ'नील यांनी प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांना ठेवले. बदल झाले ते त्यांच्या भोवती: नील बाम फुटबॉल विभागाचे प्रमुख म्हणून आले, सहायक प्रशिक्षक नवे आले. 2017 मध्ये रिचमंड विजेते झाले, 1980 नंतर पहिल्यांदा. गंमत म्हणजे हेच बाम 2006 च्या अखेरीस, तिथले प्रशिक्षक मार्क थॉम्पसन यांना हाकला अशी ओरड चालू असताना, जिलाँगला गेले होते आणि जिलाँगही पुढच्याच वर्षी जिंकले. दोन्ही संघांचा गाभा तयार झालेला होता, म्हणून हे साधले.

दुसरा आक्षेप असा की तिशीकडे झुकलेले खेळाडू आणले तर संघ मधल्या क्रमांकांवर अडकतो, वरच्या निवडी जातात आणि मुलांच्या जागा अडतात. यात तथ्य आहे. नॉर्थचाच 2014 ते 2016 चा अनुभव त्या बाजूने साक्ष देतो. पण ब्रिस्बेनने काय केले तेही तपासावे लागेल. 2013 मध्ये त्यांचे पाच तरुण खेळाडू एकदम क्लब सोडून गेले होते. 2017 मध्ये ते तळाला होते, 2018 चे पहिले आठ सामने ते हरले. त्याच वर्षी त्यांनी निवृत्त झालेल्या ल्यूक हॉजला परत मैदानात उतरवले होते, चार्ली कॅमेरॉनला आणले होते, आणि 2019 साठी लॅकी नीलला घेतले, जो ड्राफ्टमध्ये अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर गेलेला खेळाडू. 2019 मध्ये ते दुसरे आले. 2024 आणि 2025 ची विजेतेपदे त्यांचीच. प्रशिक्षक क्रिस फेगन तोच होता, जो स्वतः या स्तरावर एकही सामना खेळलेला नाही. त्या काळात ब्रिस्बेनच्या फुटबॉल विभागाचे प्रमुख होते डेव्हिड नोबल. तेच नोबल नॉर्थचे प्रशिक्षक झाले तेव्हा 38 सामन्यांत पाच जिंकले. माणूस तोच होता. खाली उभा असलेला संघ वेगळा होता.

हॉथॉर्नचे उदाहरण मात्र मला अडवते. 2022 च्या अखेरीस त्यांनी टॉम मिचेल, ओमेरा आणि गन्स्टन यांना जाऊ दिले, आता प्रशिक्षक झालेल्या सॅम मिचेल यांच्या हाताखाली 2023 मध्ये सोळावे आले आणि 2024 मध्ये पहिले पाच सामने हरूनही बाद फेरीत पोहोचले. म्हणजे झाडून काढण्याची पद्धत चालली की! पण सिसिली आणि ब्रूस्ट त्यांनी हातचे सोडले नव्हते, एमनला बाहेरून आणले होते आणि गन्स्टनला वर्षभरातच परत बोलावले. किती काढावे याचा हिशेब त्यांना जमला, एवढे श्रेय द्यायला हवे.

नॉर्थच्या व्यवस्थापनालाही हे उमगले असावे. 2024 च्या अखेरीस त्यांनी सिडनीचा ल्यूक पार्कर, बुलडॉग्जचा केलेब डॅनियल आणि वेस्ट कोस्टचा जॅक डार्लिंग अशा तीन मुरलेल्या खेळाडूंना आणले. 2025 मध्ये पाच विजय आणि एक बरोबरी झाली. संघ सोळावा आला आणि क्लार्कसन यांच्याविषयीची कुजबुज थांबली नाही. एवढ्यावरून धोरण बरोबर ठरले असे मी म्हणणार नाही, कारण तिघांचेही सर्वोत्तम दिवस मागे पडलेले आहेत. मधल्या फळीची जागा त्यांनी तात्पुरती भरली आहे. खरी मधली फळी हॅरी शीझेल, जॉर्ज वॉर्डलॉ आणि कोल्बी मॅकर्चर यांच्यातूनच घडायची आहे, आणि त्यांना ते वय गाठायला अजून दोन-तीन वर्षे लागतील. बहुतेक एएफएल क्लब सभासदांचे असतात आणि संचालक मंडळावर त्यांचा मताचा अधिकार असतो, म्हणून नॉर्थच्या चाहत्यांनी वार्षिक सभेत विचारण्यासारखा प्रश्न आहे: या तिघांच्या बरोबरीने, पंचवीस-सव्वीस वर्षांचे आणि अजून भरात यायचे असलेले कोण खेळाडू क्लब मिळवतो आहे, आणि त्यासाठी पुढच्या वर्षीची पहिली निवड द्यायची त्याची तयारी आहे का?