काचेच्या पेटीत मासे किती? उन्हाळा धरून हिशेब करा

कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाने घडीभर बसावे, सोबतच्या मुलांनी थान ओढू नयेत, म्हणून काउंटरजवळ माशांची काचेची पेटी ठेवणारे व्यापारी बंधू बरेच आहेत. आम्हीही ठेवली. लांबी 24 इंच, रुंदी 12, उंची 15. विकणाऱ्याने सांगितले, सत्तर लिटरची आहे, पंधरा गोल्डफिश आरामात राहतील. हिवाळ्यात राहिलेही. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली, हवेची मोटर बंद पडली. जोहरची नमाज आणि जेवण आटोपून आलो, तर नऊ मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. माल मोजून घेणे हाच आमचा धंदा, आणि इथे आम्ही काहीच मोजले नव्हते.

हिंगणघाटच्या कापूस बाजारात भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करतात. पेटीचेही तसेच. वरची 2 इंच मोकळी जागा आणि तळाची 2 इंच रेती वजा केली की पाण्याची उंची 11 इंच राहते. 24 गुणिले 12 गुणिले 11 म्हणजे 3168 घनइंच. 61 ने भागा (एक लिटर म्हणजे सुमारे 61 घनइंच), उत्तर 52 लिटर. सत्तर नव्हे.

पण खरी मर्यादा लिटरची नाही, हवेची आहे. प्राणवायू पाण्यात वरच्या पृष्ठभागातून शिरतो. म्हणून पेटी उंच नव्हे, पसरट घ्यावी. जुन्या जाणकारांचा ठोकताळा असा: गप्पी, मॉली अशा उष्ण पाण्यातल्या लहान माशांना अंगाच्या दर इंचामागे 12 चौरस इंच पृष्ठभाग, गोल्डफिशला 30, शेपूट धरायची नाही. आमच्या पेटीचा पृष्ठभाग 288 चौरस इंच. म्हणजे गप्पी एकूण 24 इंच, गोल्डफिश जेमतेम साडेनऊ इंच. दुकानात दोन इंचांचा दिसणारा साधा गोल्डफिश पुढे सहा-आठ इंचांचा होतो. पंधरा कुठे बसणार?

या ठोकताळ्यातही एक खोट आहे. आपण कापड मीटरने मोजतो, पण पन्हा न विचारता घेतो का? मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने जवळपास आठपट होतो. त्याबरोबर त्याचे खाणे आणि घाणही वाढते. त्या घाणीतून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू रेतीत आणि फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी सगळे मासे सोडणे म्हणजे दुकान उघडण्याआधीच उधारी वाटणे.

आता आपल्या जिल्ह्याचे ऊन. 20 अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना 7 च्याही खाली. उलट पाणी तापले की माशाला प्राणवायू जास्त लागतो. थंड मुलखातली पुस्तके हे नुकसान धरत नाहीत. वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. म्हणून पुस्तकी आकड्यातून तिसरा हिस्सा कमी करावा, असे आमचे मत आहे. मोटर बंद असतानाही जगतील इतकेच मासे ठेवावेत. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणीच ऐकलेली असते. कोंडलेल्या बेजुबान जिवाचा हिशेब मालकाच्याच खात्यावर पडतो.

सध्या आमच्या पेटीत दहा गप्पी आहेत, सगळे नर. मादी ठेवली की दर महिन्याला पिल्ले होतात आणि संख्या व्याजासारखी वाढते. त्या भानगडीत आम्ही पडलो नाही. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मगच ओततो. गिऱ्हाइके म्हणतात, पेटी रिकामी वाटते. वाटू द्या. वीज गेली की नोकर मग भरून पाणी काढतो आणि वीतभर उंचीवरून परत सोडतो. पाणी पडताना हवा मिसळते, वीज येईपर्यंत तेवढ्यावर भागते.