भोवळ येताना पाहिलं कुणी?

घाटकोपर स्टेशनवर मेट्रोकडे जाणाऱ्या पुलावर सकाळच्या गर्दीत एखादी बाई कोसळते. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी नाकाला चप्पल लावतं, कुणी धरून ताठ बसवतं. घरचे राजावाडीत पोहोचेपर्यंत ती उठून बसलेली असते. नाडी ठीक, बीपी ठीक. पाहणारे केव्हाच आपापल्या ऑफिसात गेलेले. मग एमआरआय, ईईजी, कानाचे डॉक्टर, शुगर, थायरॉइड अशी वणवण सुरू होते. फाइल फुगते, रिपोर्ट नॉर्मल.

नॉर्मल येणारच. मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद घटला की माणूस पडतो आणि आडवा झाला की सावरतो. (म्हणून ताठ बसवू नये, निजवून पाय उचलून धरावेत.) तपासणीच्या वेळी पकडायला काही उरलेलंच नसतं. उरते ती फक्त पाहणाऱ्याची हकिगत, आणि तीच कुणी धड विचारत नाही.

हातपाय झटकले म्हणजे फिट, असं सगळे धरून चालतात. साध्या भोवळीतही थोडे झटके येतात. पण भोवळीतला माणूस मिनिटभरात भानावर येऊन घरी फोन लावा म्हणतो. फिटनंतर तो बराच वेळ गोंधळलेला असतो, जिभेची कड चावली गेलेली असू शकते.

उपास, उकाडा, लोकलमधलं उभं राहणं, मग मळमळ, घाम, अंधारी, असा क्रम असेल तर बहुधा धोका नसतो. टिल्ट टेबल या कलत्या पलंगावर 60 ते 70 अंशांत उभं करून हेच पुन्हा घडवून पाहतात. ज्येष्ठांत उठल्यावर 3 मिनिटांत वरचा बीपी 20ने उतरला तर आधी बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवावीत.

पळताना, पोहताना, निजलेलं असताना किंवा चाहूल न लागता पडणं मात्र वेगळं. नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही सांगायलाच हवं. इथे ईसीजी, इको आणि हृदयरोगतज्ज्ञ आधी. लाँग क्यूटीसारखा ठोक्यांचा आनुवंशिक दोष असलेला माणूस कधीकधी मिरगी समजून वर्षानुवर्षं गोळ्या खातो. ठोक्यांची सलग नोंद ठेवणारा हॉल्टर बहुधा 24 तासांचा; वर्षातून दोनदा पडणारा माणूस नेमका त्याच दिवशी कसा पडेल? त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर साधारण 3 वर्षं नोंद ठेवतो, पण महाग पडतो.

तेव्हा उचलणाऱ्याचा नंबर घ्या. चेहरा पांढराफटक पडला होता का, किती वेळ, आधी काय म्हणाली, हे त्याच दिवशी विचारा. घरात घडलं तर एकाने तिला निजवावं, दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. सासूबाईंना ते रुचणार नाही, पण ओपीडीत डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडेल तो तोच.