दोन वर्षांना पाच दिवस कमी

परदेशातली नोकरी : लेखांक 7

मागच्या आठवड्यात आपण ब्रिटनमधलं नेमणूकपत्र ओळीओळीने वाचलं. आज त्यातल्या दोनच ओळी पुन्हा काढू : रुजू झाल्याची तारीख आणि कामाचं ठिकाण. कंपनी दुसऱ्या गावी हलते तेव्हा बरंचसं याच दोन ओळींवर ठरतं.

आधी ठिकाण. तिथल्या 1996 च्या रोजगार हक्क कायद्यानुसार, तुम्ही काम करत होता तिथला कारभार मालकाने बंद केला आणि त्यामुळे नोकरी गेली, तर ती रिडंडन्सी. कंपनी दुसरीकडे जोरात चालू असली तरीही. 1994 चा बास लेझरचा खटला याबाबत आजही आठवला जातो. कॉव्हेंट्रीचा डेपो बंद झाला आणि तिथल्या एका महिलेला सुमारे 20 मैलांवरच्या एर्डिंग्टनला जायला सांगितलं गेलं. तिने जाऊन पाहिलं, झेपेना, नोकरी सोडली. करारात बदलीचं कलम होतं. तरीही अपील न्यायाधिकरणाने ती प्रत्यक्ष कुठे काम करत होती हेच पाहिलं आणि निकाल तिच्या बाजूने गेला.

आता तारीख. रिडंडन्सीची कायदेशीर भरपाई मिळायला सलग दोन वर्षांची नोकरी लागते. 1965 च्या मूळ कायद्यातही 104 आठवड्यांचीच अट होती. वय 22 ते 40 असेल तर पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचा पगार मिळतो. त्याआधीच्या वर्षांना अर्धा, नंतरच्यांना दीड आठवड्याचा. आपल्या कामगारांच्या तोंडी वर्षानुवर्षं 240 हा आकडा आहे : 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात 240 दिवस भरले की कपातीच्या भरपाईचा हक्क येई. त्यापुढे ब्रिटनची अट मला कठोर वाटते. भाड्याचं घर, मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी हे सगळं उचलून दुसरीकडे नेण्याचा त्रास वर्षभराच्या माणसालाही तेवढाच होतो.

तरी तो अगदी रिकाम्या हाताने निघत नाही. महिनाभर नोकरी झाली की किमान एका आठवड्याची नोटीस त्याच्या हक्काची असते. करारात जास्त लिहिली असेल तर तेवढी. साठलेल्या रजेचे पैसे मिळतात. शिवाय एकाच ठिकाणच्या 20 किंवा अधिक नोकऱ्या 90 दिवसांत जाणार असतील, तर कामगारांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत सुरू केल्यानंतर पहिल्या माणसाला काढेपर्यंत किमान 30 दिवस जावे लागतात; 100 किंवा अधिक असतील तर 45. या मोजणीत काल लागलेला माणूसही धरला जातो.

म्हणून दिवस मोजा. समजा, एक 29 वर्षांची मुलगी 3 जून 2024 ला रुजू झाली. आठवड्याचा पगार 600 पौंड. 28 मे 2026 ला तिच्या हातात पत्र पडतं : ऑफिस हलतंय, आजचा दिवस शेवटचा, नोटिशीचे पैसे खात्यात जमा होतील. दोन वर्षं 2 जूनला भरणार होती, म्हणजे पाच दिवस कमी. पण कायद्याने द्यायचा नोटिशीचा आठवडा मालकाने दिला नाही, तर तो तिच्या नोकरीत मिळवला जातो. हिशेब 4 जूनपर्यंत जातो, दोन वर्षं भरतात आणि 1200 पौंडांचा हक्क उभा राहतो. ‘पैसे दिले, आता काय राहिलं?’ असं कुणी म्हणालं, तर तिने हे दिवस बोटांवर मोजून दाखवावेत.

एक कळकळीची विनंती. कंपनी हलणार एवढं ऐकून राजीनामा देऊ नका. कामावरून काढल्याची तारीख लेखी हातात येण्याआधी स्वतःहून सोडलं, तर दहा वर्षांच्या माणसाचाही भरपाईचा हक्क जाऊ शकतो. करारात बदलीचं कलम असेल, तर नकार कळवण्याआधी अकास या सरकारी संस्थेच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या. तिथे सल्ल्याला पैसे पडत नाहीत.

पुण्या-नाशिकहून स्पॉन्सर व्हिसावर गेलेल्यांना भरपाईइतकीच दुसरी चिंता असते : नोकरी संपली की देशात किती दिवस राहता येतं? त्या 60 दिवसांबद्दल पुढच्या आठवड्यात.