सेवापुस्तकाबाहेरचा इतिहास

आमच्या तालुक्यातील सेवानिवृत्त शालेय कर्मचारी संघटनेने स्मरणिका काढायचे ठरविले आणि संघटनेचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मराठवाड्यातील एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत मी १९७४ पासून पस्तीस वर्षे लिपिक होतो. ज्याने एवढ्या लोकांची सेवापुस्तके लिहिली त्याला हेही जमेल, असे सहकाऱ्यांना वाटले असावे. आधी कुणीतरी लिहून ठेवलेले एक टिपण मला देण्यात आले. त्यात संस्थापक मुख्याध्यापकांची नावे होती, अध्यक्षांची यादी होती, सत्कार होते, सहली होत्या. परंतु ज्या एका प्रकरणाने ही संघटना खऱ्या अर्थाने संघटना झाली, त्याविषयी एक ओळही नव्हती. त्या गाळलेल्या जागेविषयी मला लिहायचे आहे.

निवृत्तांची संघटना म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा विरंगुळा, असा समज आपल्या तरुण कार्यकर्त्यांतही आहे. तो बरोबर नाही. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो न दिल्यास पेन्शन थांबते. पती वारला की विधवेला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळावे म्हणून कागद जुळवावे लागतात. निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतलेले असतात. पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू व्हायला हवा, हे अनेकांना ठाऊकच नसते. ही कामे सांगायला लहान आहेत. पण ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याच्या घरची चूल यांवरच पेटते. संघटना जन्माला येते ती अशा कामांतून.

तिच्यामागे आणखी एक मोठा इतिहास आहे. खाजगी शाळांतील नोकराला पूर्वी पेन्शन नव्हती. निवृत्तीच्या दिवशी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, एक नारळ आणि शाल घेऊन तो घरी जाई. महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक शाळांतील कर्मचाऱ्यांना पेन्शन लागू झाली ती १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात. तरीही पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी, ही समजूत कायम होती. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन हा हक्क असल्याचे सांगितले. त्यानंतर १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्याचा निकाल लागला. केंद्र सरकारने १९७९ साली पेन्शनचे सूत्र सुधारले होते, पण त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ठेवला होता. त्याआधीचे बाहेर राहिले. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा भेद रद्द केला. आधार होता संविधानाच्या १४व्या कलमाचा, म्हणजे समानतेचा. निवृत्तांमध्ये केवळ तारखेवरून दोन वर्ग पाडता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर आजही साजरा करतात तो यामुळेच.

आमची संघटना या निकालानंतरच्या दोन-तीन वर्षांत निघाली. नाव होते सेवानिवृत्त शिक्षक संघटना. बैठक शाळेच्या सभागृहात भरे. आमच्या शाळेचे शिपाईमामा १९९१ साली साठाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यानंतरही बैठकीच्या दिवशी ते लवकर येत, खुर्च्या मांडीत आणि स्वतः दाराशी उभे राहत. कुणी त्यांना बसा म्हटले नाही आणि तेही बसले नाहीत. मीही म्हटले नाही, हे लिहून ठेवतो.

बाबासाहेबांनी आपल्या शाळेतली एक आठवण सांगितली आहे. शाळेच्या नळाला त्यांचा हात लागता कामा नये; शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच मारायची. तो शिपाई स्पृश्य होता. स्वातंत्र्यानंतर आपली माणसे शिपाई झाली. मात्र आमच्या शाळेत १९६१ साली मामा लागले तेव्हा झाडू त्यांच्याकडे, घंटा त्यांच्याकडे, आणि पाण्याचा माठ दुसऱ्या शिपायाकडे, अशी कामाची वाटणी होती. ही वाटणी कोणत्याही आदेशात लिहिलेली नव्हती. तशी ती लिहावी लागतही नाही.

मामांच्या सेवापुस्तकात रुजू दिनांक १९६७चा होता. पदाला मान्यता त्या वर्षी मिळाली आणि पुस्तक तेव्हापासून सुरू झाले. आधीची सहा वर्षे त्यात नव्हती. मी नोकरीला लागल्यावर मामा मला दोन-तीनदा म्हणाले होते, "भाऊसाहेब, मी त्याच्याही आधीपासून घंटा वाजवतोय. तेवढं लिहा." मी म्हणालो होतो, "नेमणुकीचा आदेश आणा, मामा." पुढे २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगावी आपल्या वस्त्या पेटविल्या गेल्या. मामांचे घरही गेले. ज्या पत्र्याच्या डब्यात तो आदेश होता, तो डबा काळा पडलेला सापडला. आत राख होती. त्यानंतर मामांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

सहा वर्षे म्हणजे किती, हे विद्यार्थिमित्रांसाठी सांगतो. त्या काळच्या नियमाने पूर्ण पेन्शनला तेहेतीस वर्षांची अर्हताकारी सेवा लागे. सेवा कमी असेल तर पेन्शन त्या प्रमाणात कमी होई. मामांची सेवा तीस वर्षांची, धरली गेली चोवीस. म्हणजे तेहेतीसातले तीस भाग मिळायचे ते चोवीस मिळाले. दर महिन्याला पाचवा हिस्सा कमी, तोही मरेपर्यंत. मागून त्यांच्या बायकोला थकबाकी मिळायची तीही नाही.

हे प्रकरण मी बैठकीत मांडले. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "आपली संघटना शिक्षकांची आहे. चतुर्थश्रेणीचे त्यांच्या लोकांनी पाहावे." सभागृह गप्प बसले. तेव्हा एक निवृत्त हिंदी शिक्षक उठले. ते म्हणाले, "तारखेवरून भेद नको म्हणून दर डिसेंबरात आपण नाकारा निकालाचे नाव घेतो. मग पदावरून भेद आपण कोणत्या तोंडाने करतो?" त्या दिवशी वाद बराच झाला. दोघे सभासद उठून गेले. पण प्रकरण संघटनेने हाती घ्यावे असा ठराव झाला, आणि मामा पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

पुरावा शाळेतच होता. जुन्या इमारतीतून आणलेल्या एका ट्रंकेत १९६१ पासूनची पगारपत्रके निघाली. दर महिन्याला मामांचा अंगठा उठलेला. सहा वर्षांचे बहात्तर अंगठे आम्ही मोजले. तरीही आक्षेप आला. पगारपत्रकात शिक्षकांची पूर्ण नावे होती. मामांचे मात्र एकेरी नाव, तेही अपभ्रंश केलेले आणि पुढे जात लिहिलेली. सेवापुस्तकातले पूर्ण नाव आणि हे नाव एकाच माणसाचे कशावरून, असा प्रश्न विचारला गेला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न गैर नव्हता. परंतु तो उद्भवला कशातून? माणसाला पूर्ण नावाने न पुकारण्याच्या हजार वर्षांच्या सवयीतून. आपण जातीय अपमानाची चर्चा मानसिक जखम म्हणून करतो. येथे त्या अपमानाची किंमत रुपयांत मोजता येत होती. जातीने नाव तोडले आणि तुटलेल्या नावामुळे सेवा तुटली.

मग प्रतिज्ञापत्रे झाली. ज्या शिक्षकांनी मामांना तीस वर्षे एकेरी हाक मारली होती, त्यांच्यापैकी चौघांनी हा तोच माणूस म्हणून सह्या केल्या. शिक्षण खात्यामार्फत कागद महालेखापालांकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. सुधारित आदेश आला तेव्हा मामा हयात नव्हते. थकबाकी आणि कुटुंबनिवृत्तिवेतन मामींना मिळाले. आदेश घेऊन मी घरी गेलो तेव्हा त्यांनी रक्कम विचारली नाही. म्हणाल्या, "याच्यावर यांचं नाव पुरं लिवलंय का, ते आधी वाचून दाखवा."

पुढच्या वार्षिक सभेत संघटनेच्या नावातला 'शिक्षक' हा शब्द जाऊन 'शालेय कर्मचारी' हा शब्द आला. जुन्या टिपणात नावबदलाची नोंद आहे. कारणाची नाही.

हे आज का सांगायचे? कारण ज्या हक्काभोवती अशा संघटना उभ्या राहिल्या, तो हक्कच आता आखडत चालला आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना महाराष्ट्रात जुनी पेन्शन लागू झाली नाही. त्यांच्या पगारातून अंशदान कापणारी योजना आली. तिच्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी सात दिवस संप केला. त्याची चर्चा सर्वत्र झाली. दुसऱ्या एका निर्णयाची मात्र तेवढी झाली नाही. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खाजगी अनुदानित शाळांतील शिपायाची पदे, ती रिक्त होतील तसतशी, संपविण्याचे ठरले. पदाऐवजी शाळेला ठरावीक शिपाई भत्ता. ग्रामीण भागातील शाळेसाठी तो महिना पाच हजार रुपये धरला गेला. भत्त्यावर काम करणाऱ्याला सेवापुस्तक नाही. सेवापुस्तक नाही म्हणून निवृत्ती नाही, पेन्शन नाही आणि आमच्या संघटनेचे सभासदत्वही नाही. मामांची सहा वर्षे पुस्तकाबाहेर राहिली होती. यापुढे झाडणाऱ्याचे, घंटा वाजविणाऱ्याचे सगळे आयुष्यच पुस्तकाबाहेर राहील. ही पदे आरक्षणातून आपल्या अनेक घरांतली पहिली पगारी नोकरी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचा घाव कोठे बसतो ते कळते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. आपल्या वस्तीत जो कुणी शाळेत नोकरीला आहे, त्याच्या सेवापुस्तकाची प्रत दरवर्षी मागून घ्या. नाव, जन्मतारीख, रुजू दिनांक आणि वारसाचे नाव तपासा. नेमणुकीच्या आदेशाच्या तीन प्रती तीन घरी ठेवा. भत्त्यावर राबणाऱ्यांची हजेरी निदान तुमच्या वहीत लिहा. उद्या कुणी पुरावा मागेल तेव्हा ती वही लागेल.

स्मरणिकेसाठी मी टिपण दिले आहे. त्यात संस्थापकांच्या नावांखाली मामांचे पूर्ण नाव आहे, आणि त्यांच्या सेवेचा आरंभ १९६१ असा लिहिला आहे. संपादक मंडळातील एकाने जागेची अडचण सांगितली. मी त्यांना म्हणालो, सहलींचा परिच्छेद काढा.