बाहेरचं अंगण

जेरुसलेमच्या जुन्या मंदिरातला एक दगड आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. क्लेर्माँ-गानो या फ्रेंच अभ्यासकाला तो १८७१ मध्ये सापडला. त्यावर ग्रीक अक्षरांत एक ताकीद कोरली आहे. परक्या माणसाने कठड्याच्या आत येऊ नये. आला आणि सापडला, तर ओढवणाऱ्या मरणाला तोच जबाबदार.

मंदिर होतं आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या एका ईश्वराचं. पण रचना मात्र एकात एक अशा अंगणांची. सर्वांत बाहेरच्या अंगणात कुणीही यावं. मग छातीएवढ्या उंचीचा दगडी कठडा. त्याच्या आत यहुदी स्त्रिया, त्यापुढे यहुदी पुरुष, त्यापुढे याजक. आणि अगदी आतल्या गाभाऱ्यात वर्षातून एकाच दिवशी, एकटा प्रमुख याजक. चोखोबांना पायरीशी पाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आश्चर्य असं, की याच यहुदी परंपरेतल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात वेगळाच सूर लागलेला आहे. परक्याने स्वतःला परकं समजू नये, त्यालाही देवाच्या डोंगरावर जागा आहे आणि हे घर साऱ्या राष्ट्रांच्या प्रार्थनेसाठी आहे, अशा अर्थाचं आश्वासन ५६व्या अध्यायात मिळतं. इथे राष्ट्र म्हणजे झेंडा आणि सरहद्द नव्हे. आपली भाषा, आपले पूर्वज, आपल्या चालीरीती असलेला लोकसमूह, एवढाच त्याचा अर्थ.

६०व्या अध्यायात तर ही राष्ट्रं वाटेला लागलेलीच दिसतात. उंटांचे तांडे येतात, शबा देशाचं सोनं आणि धूप येतो, केदार आणि नबायोथ यांचे कळप येतात. हे केदार आणि नबायोथ कोण? उत्पत्तीच्या पुस्तकात ते इश्माएलाचे मुलगे आहेत. म्हणजे आम्ही ज्यांना हजरत इस्माईल म्हणतो, त्यांचे. बायबलच्या कथेत ज्या मुलाला आईबरोबर घराबाहेर काढलं, त्याच्याच वंशजांचे मेंढे वेदीवर स्वीकारले जातील, असं हा ग्रंथ म्हणतो. मी हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकललं, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. बऱ्याच अभ्यासकांच्या मते हा बाजार बाहेरच्या अंगणात भरत असे. परक्यांना प्रार्थना करायला जी एकमेव जागा होती, तिथेच कबुतरांचे पिंजरे आणि नाणी बदलून देणाऱ्यांची बैठक! येशू तिथे यशयाच्याच वचनाची आठवण देतो. ही हकिकत मत्तय, मार्क आणि लूक तिघेही सांगतात. पण 'सर्व राष्ट्रांसाठी' हा भाग एकट्या मार्कने ठेवला आहे. त्यामुळे मला वाटतं, राग नुसत्या व्यापाराचा नव्हता. अडवलेल्या जागेचाही होता.

परके आले, असं धरू. पण त्यांनी कोण होऊन यावं? खरा पेच इथे आहे. इसवी सन ४९च्या सुमारास जेरुसलेममध्ये याच प्रश्नावर बैठक भरली. बिगरयहुदी माणसाने ख्रिस्ताला मानलं, तर त्याने आधी सुंता करून यहुदी व्हायचं का? वाद कडाक्याचा झाला. शेवटी ठरलं, की नाही. आहार आणि आचरण यांतली मोजकी पथ्यं पाळली म्हणजे पुरे. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय असावा. तो झाला नसता, तर हा धर्म एका समाजाचा पंथ म्हणूनच राहिला असता.

ज्या पुस्तकात ही बैठक आहे, त्याच 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये त्याआधी पेंटेकॉस्टचा प्रसंग येतो. पार्थी, मेदी, एलामी अशी लांबलचक यादी, आणि तिच्या शेवटी क्रेती आणि अरब. या सगळ्यांना एकच भाषा येऊ लागली, असं तिथे घडत नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू येतं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात योहानाला दिसणारा, मोजता न येणारा समुदायही तसाच आहे. सगळ्यांचे झगे पांढरे, सगळ्यांच्या हाती झावळ्या. पण वंश आणि भाषा वेगवेगळ्याच. स्वर्गातही भाषा पुसली जात नाही, ही कल्पना कुठल्याही कवीला आवडावी!

हा विचार जमिनीवर उतरताना काय होतं, ते आपल्या शेजारी गोव्यात दिसतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ मध्ये तिथे आला. त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. लिपी रोमन, पण चाल आपल्या पुराणांची. आणि त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा वरवंटा फिरत होता. १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. देव तोच, ग्रंथ तोच. पण या हुकुमाने दगडाचा कठडा पुन्हा उभा केला, आणि या वेळी तो जिभेवर.

मी ख्रिस्ती नाही. तरी हा विषय मला जवळचा का वाटतो, ते सांगतो. मराठीत कविता लिहिता लिहिता पन्नाशी उलटली. तरी कार्यक्रमानंतर कुणीतरी येऊन प्रेमाने म्हणतं, ''तुमचं मराठी किती छान आहे हो!'' म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, मीही हसून आभार मानतो. पण आपण नेमके कुठल्या अंगणात उभे आहोत, हे तेवढ्यात कळून जातं. उलट बाजूने आमच्यातले काही विचारतात, ''उर्दूत का नाही लिहीत?'' नमाज मी अरबीतच पढतो. त्यानंतर हात वर करून जी दुआ मागतो, ती मात्र आपसूक मराठीत येते. आईसाठी मागायचं ते आईच्याच भाषेत येणार ना!

कॅथलिकांची मिस्साही शतकानुशतकं लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट मोकळी केली. त्या वाटेवर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा एका धर्मगुरूने तिथे कशाला बसावं, अशी कुरबुर झालीच. प्रकृती बरी नसतानाही २०२०च्या जानेवारीत ते व्यासपीठावर आले आणि बोलले. २०२४ मध्ये ते गेले. वसईच्या गावागावांत रविवारची मिस्सा मराठीत होते.