गुडघ्याच्या मापाची पायरी

तासगाव तालुक्यातली आमची आत्या आता सत्तरीच्या पुढं आहे. द्राक्षाच्या हंगामात बागेतून घरी येताना ती मुलाच्या पिकअपमध्ये पुढं बसते. बसण्याची अडचण नाही, अडचण चढण्याची आहे. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातानं दार घट्ट धरलेलं, एक पाय वर आणि मग हाक : "आरं, मागनं जरा रेटा दे." तिचा त्रास बघून मुलानं गाडीला दोन्ही बाजूंनी चकचकीत गोल पाईप बसवून घेतले. गाडी देखणी झाली. आत्याचा त्रास मात्र तसाच राहिला आणि पहिल्या पावसात चिखलाचा पाय त्या पाईपवरून सटकून नडगी सोलवटली ती वेगळीच.

मी टेप घेऊन मापं काढली. जमिनीपासून केबिनच्या तळाची उंची 64 सेंटिमीटर. आत्याच्या गुडघ्याची उंची 42. पाईपची वरची कड 50 सेंटिमीटरवर. म्हणजे पहिलं पाऊलच गुडघ्याच्या वर टाकायचं आणि पुढचं जेमतेम 14 सेंटिमीटरचं. जिथं मदत हवी होती तिथं पायरीच नव्हती.

घराचा जिना बांधताना आपण इतकी चूक करत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरातल्या पायरीची उंची 19 सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये आणि पाय ठेवायची जागा किमान 25 सेंटिमीटर असावी. गाडीला तितकी ऐसपैस पायरी बसत नाही, हे खरं. पण 64 सेंटिमीटरचे दोन सारखे भाग केले तर प्रत्येक पाऊल 32 चं होतं. घरच्या पायरीपेक्षा ते उंचच, तरी गुडघ्याच्या खाली आहे. म्हातारं माणूस स्वतःच्या जोरावर चढतं की दुसऱ्याच्या रेट्यावर, हे या अठरा सेंटिमीटरच्या फरकानं ठरतं.

गुडघ्यावर नेमका किती भार येतो, हे बर्लिनमधल्या संशोधकांनी थेट मोजलं आहे. कृत्रिम गुडघा बसवलेल्या रुग्णांच्या सांध्यातच त्यांनी भारमापक ठेवले आणि 2010 साली त्याचे आकडे प्रसिद्ध केले. साधा जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, आणि उतरताना त्याहूनही थोडा अधिक. साठ किलोच्या बाईच्या गुडघ्यानं हा जवळपास दोनशे किलोंचा भार पेलायचा, तोही साध्या जिन्यावर. पाऊल जितकं उंच, तितका गुडघा जास्त दुमडतो आणि मांडीच्या स्नायूला जास्त ताण देऊन वाटीवर दाब आणावा लागतो. चढताना "गुडघा बोलतो" असं म्हातारी माणसं सांगतात, त्यामागं हेच कारण आहे.

हे झालं केबिनचं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उतरताना बघा, खरी चढ-उतार पाठीमागच्या हौद्यात चालते. फाळका पाडलेला नसेल तर माणूस मागच्या चाकावर पाय देऊन वर चढतो आणि उतरताना सरळ उडी मारतो. दिवसातून पन्नास वेळा. हौद्याचा तळ जमिनीपासून 80 सेंटिमीटर धरला, तर उडी मारणाऱ्याचे पाय ताशी 14 किलोमीटर वेगानं जमिनीवर आदळतात. गुडघे नीट वाकवून 20 सेंटिमीटरांत वेग जिरवला तर पायांवर सरासरी पाचपट वजन येतं. थकून, पाय ताठ ठेवून 5 सेंटिमीटरांत थांबला तर सतरा पट, म्हणजे साठ किलोच्या माणसावर हजार किलोंचा भार. हमालांचे घोटे आणि कंबर चाळिशीतच का कुरकुरतात, याचं हे एक साधं गणित आहे.

म्हणून पिकअपला पायरी घेताना माझं मत स्पष्ट आहे : ती केबिनच्या दारापुरती घेऊ नये. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी लांब पायरी घ्यावी, नाहीतर हौद्याच्या पुढच्या कोपऱ्याखाली एक वेगळी पायरी बसवावी आणि तिच्या वर हाताला धरायला कडी असावी. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन टेकू गाडीला कायम लागलेले हवेत. तोंड गाडीकडं ठेवून उतरायचं. कडीशिवायची पायरी हे काम अर्धंच करते.

आता आकार. गोल पाईपवर तळवा एका रेषेपुरताच टेकतो. कोरड्या दिवशी ते निभावतं. पण पाटण, महाबळेश्वरकडं जुलैत चपलेखाली लाल माती आणि पाणी यांचा राप बसतो, आणि चामड्याचा तळ असलेली चप्पल ओल्या गुळगुळीत लोखंडावर टिकतच नाही. तळाच्या आणि धातूच्या मध्ये चिखलाचा पातळ थर आला की पाय धातूवर नसतो, त्या थरावर असतो. हा थर खाली निसटायला वाट हवी. सपाट पट्टीला आरपार भोकं आणि भोकांच्या कडा वर उचललेल्या असल्या, तर चिखल खाली पडतो आणि कडा तळव्यात रुततात. चेकर प्लेटवर नक्षी असते पण भोकं नसतात, त्यामुळं नक्षीच्या खाचा चिखलानं भरल्या की तिचा उपयोग संपतो. पट्टीची रुंदी निदान 12 ते 15 सेंटिमीटर हवी, म्हणजे पाऊल आडवं न करता अर्धा तळवा टेकतो.

पायरी कशाला टांगली आहे, हे दुकानात कुणी विचारत नाही. पायरी म्हणजे एका टोकाला धरलेली पट्टी. सत्तर किलोचा माणूस तीस किलोंचा माल घेऊन चासीपासून 40 सेंटिमीटरवर उभा राहिला, तर ब्रॅकेटच्या बुडाशी पडणारा पीळ एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला 40 किलो टांगल्याइतका असतो. दाणकन पाय टाकला तर त्याच्या दुप्पट. ब्रॅकेटची लांबी दुप्पट केली की त्याच वजनाखाली त्याचं वाकणं आठपट होतं. म्हणून एका बाजूला दोनऐवजी तीन ब्रॅकेट घ्यावेत, तेही चासीला आधीच असलेल्या भोकांत बोल्टनं बसवलेले. केबिनचा पातळ पत्रा हा आधार नव्हे. चासीवर वेल्डिंग तर अजिबात नको. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूच्या पोलादाचा गुण बदलतो, आणि भरलेल्या गाडीला खड्ड्यात बसणाऱ्या हादऱ्यांनी चीर तिथूनच सुरू होते.

गंज हा आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांचा खास विषय आहे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर जत, आटपाडी, माणकडं पाचशेच्या आसपास. एकच पायरी दोन्हीकडं सारखी टिकणार नाही. दगड उडून पावडर कोटिंगचा एका जागी टवका गेला की तिथून पाणी आत शिरतं आणि वरून कोटिंग तुकतुकीत दिसत असताना आतून लोखंड खाल्लं जातं. पोकळ पाईपची टोकं बंद असली तरी तळाला पाणी निघायचं भोक असावं. 2019 च्या कृष्णेच्या महापुरासारखं पाणी गाडीत शिरलं तर पाईपमधला गाळ बाहेर येणार कुठून?

द्राक्षबागायतदारांसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला होता, आठवतो? थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस थर चढला होता. तांबं बाहेर आलं आणि लोखंड विरघळून पाण्यात गेलं. बागेत फवारायचं बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचंच असतं. मोरचुदाचं पाणी गाडीत ठिबकलं, बादली हिंदकळली की हाच प्रयोग पायरीवर सुरू होतो. ॲल्युमिनियमची पायरी हलकी आणि गंजत नाही म्हणून लोक घेतात, पण तांब्याचे कण तिच्यावर बसले की प्रत्येक कणाभोवती बारीक खड्डा पडत जातो. फवारणीच्या गाडीला 304 जातीचं स्टेनलेस स्टील बरं. बाजारात 202 जातीचंही तितकंच चमकतं, त्यात निकेल कमी असतं आणि ते लवकर डाग धरतं. चुंबक लावून या दोन्हींतला फरक कळत नाही, तेव्हा बिलावर जात लिहून घ्या. कोणतीही पायरी असो, फवारणीच्या दिवशी संध्याकाळी साध्या पाण्यानं धुवावी.

खाली किती लोंबू द्यायची, हाही प्रश्न आहे. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आणि मध्ये जमिनीपासून 21 सेंटिमीटर मोकळीक असेल, तर गाडी साधारण 16 अंशांचा उंचवटा पोट न घासता ओलांडते. पायरी त्याहून पाच सेंटिमीटर खाली आली की हा कोन बारा अंशांवर येतो. शेताचा बांध ओलांडताना पायरी आधी लागते. आत्यासाठी 32 सेंटिमीटरवर ठेवलेली पायरी या हिशेबात आरामात बसते, ही समाधानाची गोष्ट. मोटारीनं आत-बाहेर होणाऱ्या घडीच्या पायऱ्याही मिळतात, पण ऊसतोडीच्या रस्त्यावरच्या धुळीत आणि गाळात त्यांचे सांधे अडकतात. इथल्या गाडीला त्या नकोत.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि डिसेंबर 2017 मध्ये केंद्रानं बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं ते याच आधारावर. तेव्हा चाकावरच्या मडगार्डच्या बाहेर डोकावणारी पायरी घेऊ नये. दुचाकीवाल्याच्या पायाला ती लागते.

आत्याच्या गाडीचे गोल पाईप काढले. त्या जागी भोकांची सपाट पट्टी 32 सेंटिमीटरवर बसवली आणि दाराच्या खांबाला कडी लावली. आता ती डबा आधी आत ठेवते आणि दोन्ही हात मोकळे करून चढते. तुमच्या गाडीला पायरी घ्यायची असेल तर दुकानात जाताना घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाच्या गुडघ्याचं माप कागदावर लिहून न्या. आणि बसवल्यावर दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालली की बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.