समांतर रचना (इंग्रजी व्याकरण)

समांतर रचना म्हणजे वाक्यात समान कार्य करणाऱ्या घटकांना समान व्याकरणिक रूप देण्याची पद्धत होय. इंग्रजी भाषेच्या परीक्षांतील वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांत हा नियम वारंवार तपासला जातो.

स्वरूप

'अँड', 'ऑर', 'बट' या उभयान्वयी अव्ययांनी जोडलेले घटक एकाच प्रकारचे असावे लागतात. 'शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टू कुक' या वाक्यात पहिले दोन घटक 'इंग'-रूपात असून तिसरा 'टू'-रूपात आहे. म्हणून शेवटी 'कुकिंग' हवे. मराठीत 'वाचणे' या एकाच रूपाने 'रीडिंग' आणि 'टू रीड' या दोहोंचा अर्थ व्यक्त होत असल्याने मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या लक्षात हा भेद सहज येत नाही.

जोडअव्यये व तुलना

'नॉट ओन्ली... बट ऑल्सो', 'आयदर... ऑर' यांसारख्या जोड्यांत दोन्ही शब्दांनंतर समान रचना येते. 'ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नड' याऐवजी 'ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नड' असे लिहितात. तुलनेत समान गोष्टीच तोलल्या जाव्यात. 'द क्लायमेट ऑफ पुणे इज कूलर दॅन नागपूर' येथे हवामानाची तुलना शहराशी होते. 'दॅन दॅट ऑफ नागपूर' हे शुद्ध रूप होय.

अर्थावरील परिणाम

हा नियम केवळ शैलीपुरता नाही. 'द विटनेस सेड दॅट द डोअर वॉज ओपन अँड द लॉक वॉज ब्रोकन' या वाक्यात कुलूप तुटल्याचे साक्षीदाराने सांगितले की ते लेखकाचे विधान आहे, हे निश्चित होत नाही. 'अँड'नंतर 'दॅट' पुन्हा योजल्यास दोन्ही विधाने साक्षीदाराची ठरतात.

मर्यादा

समांतरता म्हणजे शब्दांचे बाह्य साम्य नव्हे. 'क्विकली अँड विथ केअर' यातील घटकांची रूपे भिन्न असली, तरी दोन्ही क्रियाविशेषणाचे कार्य करतात. त्यामुळे ही रचना ग्राह्य मानली जाते.

परीक्षांतील स्थान

भारतात कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत वाक्यसुधारणेचे प्रश्न असतात. जीमॅट या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेत 'सेंटेन्स करेक्शन' हा स्वतंत्र प्रश्नप्रकार होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'फोकस एडिशन'मध्ये तो वगळण्यात आला. असे प्रश्न सोडवताना प्रथम जोडणारे अव्यय शोधून त्यानंतरच्या घटकाचे रूप पाहतात आणि त्याच्याशी आधीचे घटक ताडून पाहतात.